राब, वणवा आणि रोथरमेल यांचं गणित : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

नाशिकजवळच्या ब्रह्मगिरी डोंगरावरच्या वणव्यांबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही पेठहून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन. रोथरमेल या अमेरिकेतल्या माणसाच्या गणिताने आपल्या डोंगराची आग विझत नाही. तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माळ जाळत आले, तरी रान संपलं नाही, उलट गवत जोमाने आलं. आणि शहरातले लोक प्रत्येक वणव्याचं खापर आदिवासींवर फोडतात.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. वणवा कोणत्या समाजाने लावला हे मी लेखात लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. चूल न विझवता गड उतरणारे पर्यटक, रस्त्याकडेला टाकलेली विडी, मोहाची फुलं वेचण्यासाठी पेटवलेला पाला, बांध जाळताना हातातून सुटलेली आग, कारणं अनेक आहेत. राबाबद्दल, म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजण्याच्या पद्धतीबद्दल, तर मला आदरच वाटतो. शेण, फांद्या, पालापाचोळा यांचे थर, वर थोडी माती, आणि आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशी पेटवायची. मग ती धावत नाही, सावकाश सरकते आणि माती नीट भाजते.

गुरुजी, रिचर्ड रोथरमेल यांचं गणित याच्याशी तंतोतंत जुळतं. हे मूळचे इंजिनिअर. मोंटाना राज्यातल्या मिझुला इथल्या वनआग प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी १९७२ साली आगीच्या वेगाचं समीकरण मांडलं. पुढच्या गवताला मिळणारी उष्णता भागिले ते पेटायला लागणारी उष्णता, एवढाच त्याचा गाभा. वारा पाठीमागून आला की ज्वाळा पुढच्या गवतावर झुकते आणि वरचा आकडा वाढतो. चढावरही तेच होतं, कारण वरचं गवत ज्वाळेच्या जवळ असतं. गवत ओलं असेल तर उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते आणि खालचा आकडा वाढतो. या समीकरणावर बेतलेल्या कोष्टकांत आखूड वाळल्या गवतासाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरली आहे, त्यापुढे आग सरकत नाही. काडीएवढं बारीक गवत हवेतला दमटपणा तासाभरात घेतं आणि तेवढ्याच वेळात सोडतं. म्हणून जो उतार सकाळी नुसता धुमसतो, तोच भर दुपारी धावत सुटतो.

गणिताने आग विझत नाही, मान्य. पण माणसाने कुठे उभं राहायचं ते कळतं. मोंटानातच मान गल्च नावाच्या घळीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी १३ अग्निशामक जवान गवताळ चढावर जळून गेले. रोथरमेल यांनी १९९३ मध्ये त्या दुपारचा हिशेब मांडला. चढावर पळणाऱ्या माणसापेक्षा आग वेगवान होती, ती शर्यत जिंकणं त्यांच्या हातात नव्हतंच. आपल्या देशात २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वीसहून अधिक ट्रेकर्स वणव्यात गेले. नाशिकची तरुण मुलं ओल्या फांद्या घेऊन अंजनेरीवर, हरिहरवर आग विझवायला धावतात, तेव्हा मला हेच आठवतं आणि धास्ती वाटते. म्हणून इथे पुन्हा लिहितो. आगीच्या वरच्या अंगाला थांबू नका. जळून काळ्या झालेल्या बाजूने या आणि कडेकडेने झोडपत चला.

आता गवत. जाळल्यावर हिरवं गवत लवकर फुटतं हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जुनं पाचट जातं, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, राखेतली खनिजं मिळतात. पण दरवर्षी जाळलेल्या माळावर कुसळी हे गवत बळावतं. त्याचं बी दमट हवेत पीळ सोडत स्वतःला मातीत खुपसून घेतं, त्यामुळे आगीतून वाचतं. पवन्यासारखं चांगलं चाऱ्याचं गवत मागे पडतं. ऐनाचं जून झाड जाड सालीमुळे तगतं, वीतभर रोपटं तगत नाही. कंदीलपुष्पाचा कंद मातीखाली सुरक्षित राहतो, पण त्याची कोवळी रोपं आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात.

‘परदेशात तर आग जंगलाला चांगली मानतात’ असंही तुम्ही लिहिलंत. मानतात, पण पूर्ण गोष्ट अशी. १९८८ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा साधारण ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. तिथल्या लॉजपोल पाइनची कित्येक बोंडं आगीच्या उष्णतेनेच उघडतात, त्यामुळे जंगल पुन्हा दाट उगवलं. मोनिका टर्नर या शास्त्रज्ञ तेव्हापासून त्याचा अभ्यास करत आहेत. मग २०१६ मध्ये त्याच तरुण जंगलाचा काही भाग, जेमतेम २८ वर्षांचा, पुन्हा जळला. टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लिहिलं की इतक्या लवकर पुन्हा जळलेल्या जागी नवी रोपं फारच कमी उगवली. झाडांनी पुरेसं बी साठवण्याआधीच दुसरी आग आली होती. आगीशी हजारो वर्षं जुळवून घेतलेल्या जंगलाला २८ वर्षं अपुरी पडली, आणि आपले काही उतार वर्षाआड, कधी दरवर्षी पेटतात. माझा सगळा विरोध या घाईला आहे.

‘मग जाळायचंच नाही का?’ या तुमच्या प्रश्नाला उत्तर असं. राब तुमच्या खाचरात चालू द्या. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. तिथे वनखात्याने उन्हाळा तापण्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, काढाव्यात आणि गावच्या माणसांना त्या कामाची मजुरी द्यावी.

एक विचारायचं राहिलं. तुमचे आजोबा दरवर्षी तोच माळ जाळायचे की आलटून पालटून? एखाद्या उताराला किती वर्षं विश्रांती मिळायची, आणि तो निवडायचं कोण? गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल तर विचारून लिहा. पुढचा लेख मला त्यावरच लिहायचा आहे.