फिनिक्सला जाताय? आधी अकोल्याला विचारा

अमेरिकेत एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायचं ठरलं की मराठी माणूस ठरावीक तीन गोष्टींची चौकशी करतो. शाळा बऱ्या आहेत का, इंडियन ग्रोसरी किती लांब आणि मंडळाचा गणपती बसतो का. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं झकास येतात. शिवाय शेजारच्या चँडलरला इंटेल, उत्तरेला टीएसएमसीचा नवा कारखाना, म्हणजे चिपवाल्यांची चंगळच. उन्हाचा विषय निघालाच तर पलीकडून हमखास ऐकू येतं, "हो, पण ड्राय हीट आहे." भट्टीतली हवाही कोरडीच असते, म्हणून तिथे कोणी थ्री बेडरूम घेत नाही.

मी डोंबिवलीचा. माझ्या लेखी उन्हाळा म्हणजे घाम, घामोळं आणि घामोळ्याची पावडर. बायको अकोल्याची. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात सासुरवाडीला गेलो, तेव्हा बाहेर पडताना सासऱ्यांनी माझ्या खिशात कांदा घातला होता. मला वाटलं, नव्या जावयाची थट्टा चाललीय. फिनिक्सची नोकरी पक्की झाल्यावर मी आठवडाभर तापमानाचे तक्ते चाळत बसलो होतो. तिने एकदा डोकावून बघितलं, ११० फॅरनहाइटचे ४३ सेल्सियस करून घेतले आणि म्हणाली, "एवढ्याशा उन्हाला काहून घाबरतो?" आणि भांडी बांधायला लागली.

तक्त्यांतलं खोटं काहीच नव्हतं. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस रोजचा कमाल पारा ११० च्या खाली राहिला नाही. २०२४ साली तर शंभरी ओलांडलेले सलग ११३ दिवस झाले. विक्रम २६ जून १९९० चा, १२२ फॅरनहाइट, म्हणजे ५० सेल्सियस. त्या दिवशी विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला. आता हे वाचून तुम्ही म्हणाल, चंद्रपूरला काय कमी तापतं? कबूल. पण चंद्रपूरला जूनमध्ये ढगांकडे बघायची सोय असते. इथे जूनमध्ये उन्हाळा नुकता स्थिरस्थावर होत असतो, आणि ऑक्टोबर उजाडला तरी तो घर रिकामं करायला तयार नसतो.

घर घेताना या उन्हाशी वास्तुशास्त्राची गाठ पडते. आईने फोनवर बजावलं होतं, दार पूर्वेलाच हवं. एजंट बाई प्रत्येक घराच्या दारात उभी राहून 'नॉर्थ-साउथ एक्स्पोजर' असा जप करत होती. इथली घरं साधारण अशी की पुढे गॅरेज, आणि मागे अंगणाकडे उघडणारं भिंतभर काचेचं दार. दार पूर्वेला घेतलंत की ती काच नेमकी पश्चिमेला येते. मग दुपारी दोनपासून सात-साडेसातपर्यंत सूर्यनारायण थेट सोफ्यावर. बायकोला शास्त्राशी कर्तव्य नव्हतं. तिच्या माहेरी पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच नाही, तिकडे जिना आहे. शेवटी आम्ही उत्तरेच्या दाराचं घर घेतलं आणि आईला सांगितलं की उत्तर ही कुबेराची दिशा. आई खूश. कुबेराचं म्हणाल तर तो दर महिन्याला वीज कंपनीकडे जाऊन बसतो.

विजेचंही एक वेगळं पंचांग आहे. आमच्या प्लॅनमध्ये आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी चार ते सात हा राहुकाळ. या वेळात वीज महाग. म्हणून दुपारी घर फ्रीजसारखं गार करून ठेवायचं, चारला एसीचा आकडा चढवायचा आणि सातपर्यंत घरातल्यांनी चिडायचं नाही. मिक्सर, ओव्हन, वॉशिंग मशीन, सगळं सातनंतर. पाहुणे साडेपाचला आले तर त्यांना सरबत मिळतं, भजी नाही.

एसी बंद पडला की मात्र विनोद संपतो. मेकॅनिक छपरावर चढतो (इथे यंत्र बरेचदा छपरावरच असतं), खाली येतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्यात अकोल्याला एक खोली वाढवता येईल. अशाच एका दुपारी बायकोने शोध लावला की इथल्या जुन्या घरांवर अजून पाण्याचे कूलर आहेत. एसी येण्याआधी अख्खं फिनिक्स त्यांच्यावरच झोपायचं. त्या दिवसापासून तिचा या शहराविषयीचा आदर दुणावला. वाळ्याचे पडदे कुठे मिळतील, हे ती अजून शोधते आहे.

बाकी उन्हाळ्याचे नियम कोणी लिहून देत नाही, ते कातडीवर उमटतात. सीट बेल्टचं धातूचं टोक उघड्या दंडाला लागलं की नियम एक. स्टिअरिंगला हात लावला की नियम दोन, म्हणून गाडीत ओव्हनचे हातमोजे ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि आता त्यांना हसत नाही. नळ दोन असतात, एक गरम आणि एक अति गरम. जुलैत गार पाण्याने आंघोळ करायची असेल तर बादली आदल्या रात्री भरून घरात ठेवावी लागते. दुकानाच्या दारातली पार्किंगची जागा ओस पडलेली दिसली तर धावू नका. लोक दूर कोपऱ्यात, पालो व्हर्डेच्या झाडाच्या विरळ सावलीत गाड्या लावून चालत येतात. ताडाखाली लावू नये. ताडाची सावली आरशापुरती पडते, आणि तो आरसा आपला नसतो. गाडीची बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत मान टाकते. ती सुचवून वगैरे मरत नाही, सकाळपर्यंत ठणठणीत असते.

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. २०२३ मध्ये इथल्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याने ६४५ माणसं दगावली. गाडीत पाण्याच्या बाटल्या असू द्या, लेकराला किंवा कुत्र्याला मिनिटभरही गाडीत ठेवू नका, आणि एसी बिघडल्याचा फोन रात्री दोनला आला तरी शेजाऱ्याला घरात घ्या.

जूनच्या मध्यावर पावसाळा सुरू होतो. हसू नका, सरकारी तारखा आहेत, १५ जून ते ३० सप्टेंबर. जवळजवळ आपल्याच. साडेतीन महिन्यांत सरासरी पाऊस अडीच इंचांच्या आसपास, म्हणजे डोंबिवलीत पूर्वेकडून पश्चिमेला जाईस्तोवर पडतो तेवढा. पण त्याची वर्दी भारी असते. क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते आणि बघता बघता शहर गिळते. ५ जुलै २०११ ची ती धूळ अजून लोक आठवतात. बायको खिडकीशी उभी राहून म्हणाली, "हे तर आपलं वावधन," आणि अंगणातल्या गाद्या आत घ्यायला पळाली. गाडीत सापडलात तर रस्त्याच्या पार कडेला जायचं, थांबायचं, दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे लावले तर मागच्याला वाटतं हा चाललाय, आणि तो आपल्या मागोमाग येऊन आपल्यावरच आदळतो. डोंबिवलीच्या माणसाला दिवे बंद करून बसणं जमायला वेळ लागतो. हॉर्न तरी वाजवावासा वाटतोच.

मग वर्षभर कोरडे पडलेले ओढे तासाभरात फुगतात. अडथळे लावून बंद केलेल्या रस्त्यावरून कोणी हौसेने पाण्यात गाडी घातली आणि अडकला, तर सोडवणुकीचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा कायदा आहे. त्याला लोक उघडपणे 'मूर्ख वाहनचालक कायदा' म्हणतात. मुंबईत हा लागू केला तर महापालिकेला कर लावायची गरज उरणार नाही.

घर दाखवताना एजंट ज्याविषयी चकार शब्द काढत नाही, तो प्राणी म्हणजे विंचू. इथला बार्क स्कॉर्पियन फिकट, बारका, भिंत चढणारा आणि दाराखालच्या फटीतून सहज आत येणारा. शेजारच्या आजोबांनी गृहप्रवेशाची भेट म्हणून आम्हाला जांभळ्या उजेडाची टॉर्च दिली. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. रात्री नवाच्या सुमारास आमच्या गल्लीत प्रतिष्ठित माणसं हाफ पँटीत, हातात टॉर्च आणि लांब चिमटा घेऊन आपापल्या भिंती तपासत फिरतात आणि एकमेकांना आकडे सांगतात. तान्ह्या मुलांच्या पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवतात, कारण गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही. आमचं मूळ गाव महाडच्या बाजूचं, त्यामुळे या विषयात मात्र मला थोडा भाव मिळाला. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, कोकणातली किती माणसं वाचवली, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सगळं मी आजोबांना सांगितलं. आमचा लाल विंचू हृदयावर जातो, तुमचा नसांवर, असंही वर ठासून सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बूट झटकून घाल." आमची आजीही गावाला तेच म्हणायची.

स्वयंपाकघरातली पहिली हार तुरीच्या डाळीकडून झाली. सात शिट्ट्या, नऊ शिट्ट्या, डाळ आपली टणक. मी कुकरला दोष दिला, डाळीच्या पुड्याला दिला. बायकोने नळाची तोटी दाखवली, तिच्यावर पांढरी खपली धरली होती. पाणी कोलोरॅडो आणि सॉल्ट नद्यांचं, खनिजांनी जड. अकोला खारपाणपट्ट्यातलं. डाळ शिजत नाही म्हटलं की आधी पाण्याची चौकशी करायची, हे तिथल्या मुलींना पाढ्यांच्या आधी येतं. आता पिण्याला आणि डाळीला आरओचं पाणी, आणि बाकी घरासाठी गॅरेजात पाणी मऊ करणारं एक पिंप, ज्याला महिन्याकाठी मिठाची गोणी लागते. अमेरिकेत येऊन मी मिठाच्या गोण्या वाहीन, असं माझ्या पत्रिकेत कोणी सांगितलं नव्हतं.

उन्हाचा उपयोग करायचा हेही तिचंच. कुरडया सकाळी घातल्या की दुपारी डब्यात. पोळ्यांचंही तसंच होतं म्हणा, डबा उघडा राहिला की संध्याकाळी त्यांचे पापड. एकदा मागच्या अंगणात चादरीवर कुरडया मांडल्या होत्या, तर चार दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं. विषय कुरडयांचा नव्हता. पुढच्या अंगणातल्या खडीत एक गवताचं पातं उगवलं होतं, त्याचा फोटो काढून त्यावर लाल गोल केला होता. या वाळवंटात आपण होऊन उगवलेल्या एकमेव हिरव्या वस्तूला उपटण्यासाठी मला दहा दिवसांची मुदत होती.

पत्त्यांचं सांगायचं राहिलं. मधोमध सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, पूर्वेला सगळे स्ट्रीट, पश्चिमेला सगळे अ‍ॅव्हेन्यू, आकडे दोन्हीकडे तेच. आमच्या ओळखीच्यांकडे ३२ व्या स्ट्रीटवर सत्यनारायण होता, गुरुजी ३२ व्या अ‍ॅव्हेन्यूवर. मध्ये सहा-सात मैल. त्यात सातव्या स्ट्रीटची आणि सातव्या अ‍ॅव्हेन्यूची मधली लेन सकाळी गावात जाणाऱ्यांची आणि संध्याकाळी गावातून परतणाऱ्यांची. एरवी ती वळणाऱ्यांची. गुरुजी पोचले तेव्हा त्यांचा चेहरा साधुवाण्याच्या बुडालेल्या नौकेवरून आल्यासारखा होता. केळीची पानं मात्र वेळेवर आली होती. ती इंडियन ग्रोसरीत संपली तर मेक्सिकन दुकानात बघावं. तिथे चिंच असते, पेरू असतात, आणि मिरच्यांचा ढीग असा की वऱ्हाडी माणूस हरखून उभा राहतो.

घड्याळाचा त्रास नाही. बाकी बहुतेक अमेरिका वर्षातून दोनदा काटे फिरवते, फिनिक्स १९६८ पासून त्या फंदात पडत नाही. भारताशी अंतर कायम साडेबारा तासांचं. शाळा मात्र जुलैच्या शेवटी नाहीतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघडतात, तेव्हा तिकिटं काढताना न्यू जर्सीच्या मेहुण्याचं ऐकू नका.

आणि मग नोव्हेंबर येतो. हिवाळ्यात इथे असं काही सुंदर हवामान असतं की मिनेसोटाचे आणि कॅनडाचे म्हातारे-म्हाताऱ्या गाड्या भरून मुक्कामाला येतात. रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लगडलेली, दुपारी वीस अंश. आपले नातेवाईकही नेमके तेव्हाच येतात. पुण्याचे मामा जानेवारीत आले. कॅमलबॅक डोंगर चढून आले, "सिंहगडापुढे काहीच नाही" म्हणाले, अंगणात स्वेटर घालून चहा प्यायले आणि आमच्याकडे दयेने बघत राहिले. "कुठाय रे तुमचं ऊन? उगाच फोनवर रडत असता." उन्हाळ्यात कडक तापलेल्या दिवसांत त्या डोंगराच्या वाटा भर दिवसा बंद ठेवतात, हे मी सांगितलं. अमेरिकन लोक नाजूक, असं ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. स्कॉट्सडेलच्या मोठमोठ्या रिसॉर्टांचे दर जुलैत किती घसरतात हे त्यांना इंटरनेटवर सापडलं होतं. सगळ्यांना कसं कळत नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. मामी, दोन साडू आणि साडूंच्या बायका, सगळ्यांचं जमवलंय. पहाटेऐवजी निवांत अकराला कॅमलबॅक करायचा बेत आहे.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "मामा," ती म्हणाली, "तिकिटं रद्द केली तर पैसे परत मिळतात ना?"