घोडा बोगद्यात शिरलाच नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या एका गावावरच्या ‘स्टोक ब्रुअर्न : कालव्याकाठचं निवांत गाव’ या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. घोडे बोगद्यातून नावा ओढत हे मी साफ चुकीचं लिहिलं, गवती छपराचा पब आणि बदकं सोडून मला काही दिसलं नाही, आणि तासाभरात संपणाऱ्या गावावर पानं भरण्यापेक्षा कोकणातल्या एखाद्या बंदरावर लिहायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं.

पहिली चूक कान पकडून कबूल. गावाजवळचा, कालव्यावरचा ब्लिसवर्थचा हा बोगदा २,८१३ मीटर लांब आहे, आणि आत घोड्याला चालायला काठच ठेवलेला नाही. घोडा तोंडाशी सोडायचा आणि टेकडीवरून पलीकडे न्यायचा. नाव न्यायची माणसांनी. दोघं जण फळीवर आडवे, उताणे पडत आणि दोन्हीकडच्या भिंतींवर पाय रेटत अंधारात नाव पुढे सरकवत. त्यांना ‘लेगर’ म्हणत. १८७१ मध्ये वाफेच्या टगबोटी आल्या तेव्हा कुठे त्यांचे पाय सुटले.

चूक का झाली तेही सांगतो. मी बोगद्याच्या तोंडापर्यंत गेलो, काळोख बघितला, फोटो काढला आणि चहाला परतलो. टेकडी चढलोच नाही. तुमची प्रतिक्रिया वाचून गेल्या शनिवारी चढलो. ती वाट आजही आहे, नावच ‘बोट हॉर्स रोड’. कडेच्या शेतांत विटांचे गोल बुरूज दिसतात. विहीर उलटी करून जमिनीवर ठेवावी तसे. ही बोगद्याची धुराडी. खाली कालवा आहे याची वर दुसरी काही खूण नाही. शेतात मेंढ्या, आणि मधेच हा बुरूज.

याच टेकडीमुळे गावाचं दैव उघडलं, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. बोगद्याचं काम १७९३ मध्ये सुरू झालं, पण आत पाणी शिरून पहिला प्रयत्न फसला. बोगदा पुरा व्हायला १८०५ उजाडलं. मधली काही वर्षं टेकडीवरून लोखंडी रूळ टाकून घोडागाड्या चालवल्या. म्हणजे एकीकडे नाव रिकामी करा, माल गाडीत भरा, टेकडी ओलांडा, पुन्हा नावेत भरा. इतकी उचलठेव जिथे, तिथे हमाल, गोदाम आणि दारूचा गुत्ता आलाच.

तेव्हा ‘निवांत’ हा शब्द मी मागे घेतो. लॉकजवळचा (म्हणजे पाणी भरून-सोडून नाव वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या हौदाजवळचा) पूल दोन कमानींचा का, हे मी विचारलंच नव्हतं. नावांची रांग लागायची म्हणून १८३०च्या दशकात शेजारी दुसरं लॉक बांधलं, त्याची ती दुसरी कमान. आता ते लॉक कोरडं आहे, आणि त्यात नावा तोलायचा जुना काटा आणून ठेवलाय.

माणसं दिसली नाहीत हा आरोप मात्र अर्धाच मान्य. सिस्टर मेरी वॉर्ड यांच्यावर एक परिच्छेद होता, तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. दोर वळणाऱ्याची ही मुलगी कालव्याकाठच्या आपल्या घरात नावाड्यांवर औषधपाणी करायची. सात फूट रुंद नावेच्या टोकाशी एवढीशी खोली, त्यात चूल, बिछाना, पोरंबाळं. आणि नाव आज इथे तर उद्या तिथे. असल्या माणसांना डॉक्टर कुठला? १९५१ मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. पण एक परिच्छेद कमीच पडला, हे खरं.

तिसरा मुद्दा नाही पटला. कोकणातल्या बंदरांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक तिथेच आहेत. मी मिल्टन कीन्सला राहतो. शनिवारी पोळीभाजीचा डबा घेऊन निघालं की जिथे पायी हिंडता येतं, ते गाव हे. आणि तासाभरात ते गाडी लावून बघणाऱ्यांचं संपतं. माझी दुसरी खेप झाली तरी वरचं सेंट मेरी चर्च अजून बाहेरूनच पाहिलंय, आणि १९६३ मध्ये जुन्या धान्याच्या गिरणीत उघडलेलं कालव्याचं संग्रहालय दोन्ही वेळा घाईत उरकलं.

घोड्याचं वाक्य आज दुरुस्त केलंय. बदकं मात्र तशीच ठेवली आहेत.