ॲनेस्थेशियाचं नाव कुणीच घेतलं नाही

आज आमच्या वाचनकट्ट्याची बैठक होती. लंडनच्या वेम्बली भागात एका मैत्रिणीकडे आम्ही नऊ जण जमलो होतो. पुस्तक होतं नील गेमनचं 'नेव्हरव्हेअर', आणि ते मीच सुचवलं होतं. घरी येऊन तीन तास झाले, चहा दोनदा झाला, तरी डोकं शांत होत नाहीये. म्हणून इथे लिहितेय. लांब होईल, सांगून ठेवते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी 1996ची. त्याच साली बीबीसीवर सहा भागांची मालिका आली, तिचीच ही कथा. रिचर्ड मेह्यू नावाचा लंडनमधला एक साधा नोकरदार होणाऱ्या बायकोबरोबर तिच्या बड्या साहेबांबरोबर जेवायला निघालेला असतो. फुटपाथवर डोअर नावाची एक रक्तबंबाळ मुलगी पडलेली दिसते. बायको म्हणते, चल, उशीर होतोय. हा मुलीला उचलून घरी आणतो. आणि मग तो कुणाला दिसेनासाच होतो. ऑफिसातले ओळखत नाहीत, टॅक्सी थांबत नाही, बँकेचं कार्ड चालत नाही. तो आंघोळ करत असताना एजंट त्याचं घर दुसऱ्यांना दाखवायला घेऊन येतो! त्याला जावं लागतं 'लंडन बिलो'मध्ये, म्हणजे शहराच्या खालच्या लंडनमध्ये. भुयारं, गटारं, बंद पडलेली स्टेशनं, आणि वरच्या जगातून गळून पडलेली माणसं.

तिथे स्टेशनांची नावं खरी होतात. अर्ल्स कोर्टचा खराखुरा अर्ल, म्हणजे सरदार, ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) डब्यात दरबार भरवतो, ब्लॅकफ्रायर्सला काळ्या झग्यातले मठवासी राहतात, एंजल स्टेशन ज्या इझलिंग्टन भागात आहे, त्याच नावाचा देवदूत असतो. धोबीतलावाला अजून तलाव असावा आणि त्यावर रोज सकाळी धोबी कपडे आपटत असावेत, तसं. यावर कट्ट्यात सगळे खूश होते. अर्धा तास त्यातच गेला. दर वेळी जागा बदलणारा तरंगता बाजार आवडला, मार्क्विस नावाचा धूर्त सरदार आवडला, क्रूप आणि व्हँडेमार हे दोन मारेकरी तर सगळ्यांनाच आवडले. मग एक दादा म्हणाले, "मजा आली, पण शेवटी हे मुलांचंच पुस्तक." आणि ज्यांचं मत मी नेहमी मानते त्या एक ताई म्हणाल्या, "रस्त्यावर झोपणाऱ्यांना असं जादूच्या दुनियेत बसवणं मला पटलं नाही. ती माणसं थंडीत मरतात गं, त्यांचं कसलं अद्भुत?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, आणि त्याचाच मला राग येतोय.

कारण माझं या पुस्तकाशी जे नातं आहे ते तिथे सांगता आलं नाही. 2008चा नोव्हेंबर. सांगलीहून येऊन मला दोन महिने झाले होते. संध्याकाळी गर्दीत कुणीतरी पर्स मारली. पैसे, बँकेचं कार्ड, प्रवासाचं ऑयस्टर कार्ड सगळं गेलं आणि फोन आधीच बंद पडलेला. मी स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवायला लागले. अंगावर बरा कोट, हातात ऑफिसची फाइल. मला फक्त वेम्बलीपर्यंतचं तिकीट हवं होतं. पहिले दोन-तीन जण 'सॉरी' म्हणाले. नंतरचे तेही म्हणाले नाहीत. माझ्या तोंडातून 'एक्स्क्यूज मी' निघायच्या आधीच त्यांची नजर बाजूला सरकायची. पाऊण तास. मला वाटायला लागलं, माझा आवाज बाहेर पडतच नाहीये.

आता हे वाचून कुणी म्हणेल, पोलिसांकडे जायचं होतं. हो, जायला हवं होतं. सुचलं नाही.

मुद्द्यावर येते. ताईंचं म्हणणं चूक नाही, पण ते या पुस्तकाला नवीन नाही. शेवटाकडे रिचर्ड वरच्या लंडनमध्ये परत येतो, नोकरीत बढतीही मिळते, आणि तो ऑफिसातल्या मित्राला, गॅरीला, सगळं सांगतो. गॅरी काय म्हणतो? फटींतून गळून पडलेली माणसं मी पाहिलीत, ती स्ट्रँडवर दुकानांच्या दारात झोपतात, कुठल्या खास लंडनमध्ये जात नाहीत, हिवाळ्यात गारठून मरतात. ताईंचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं पुस्तकात आहे हो! लेखकाने स्वतःच ते लिहिलंय, आणि ते खोडून काढलेलं नाही. मग 'त्याला कळलंच नाही' असं आपण कसं म्हणतो? शेवटची पानं चाळून पुस्तक मिटायचं आणि वर निकाल द्यायचा, याची मला मनापासून चीड आहे.

तरीही रिचर्ड भिंतीवर चाकूने दार कोरतो आणि पुन्हा खाली जातो. हा शेवट मलाही पूर्ण पटत नाही, कबूल. डोअर ही नायिकाही थोडी पुसटच राहते. रिचर्ड अर्धं पुस्तक नुसता गोंधळलेला असतो, हेही खरं. लेखकाबद्दलही बोलणं झालं, पण तो वेगळा आणि मोठा विषय आहे, आज नको.

पण दोन तास बोललो आम्ही. दोन तास! आणि ॲनेस्थेशियाचं नाव एकाने घेतलं नाही.

ॲनेस्थेशिया म्हणजे उंदरांची भाषा समजणारी, फाटक्या कपड्यांतली मुलगी. रिचर्डला बाजारापर्यंत पोचवायचं काम तिच्यावर येतं. वाटेत ती सांगते, ती वरच्या लंडनमधून का पळाली, नात्यातल्या घरात तिला कुणी त्रास दिला. पुढे नाइट्स ब्रिज लागतो. नाइट्सब्रिज हे लंडनमधलं महागड्या दुकानांचं ठिकाण, पण पुस्तकात तो खरोखरच रात्रीचा पूल आहे. काळोख अंगाला चिकटतो. दोघं हात धरून चालतात. पलीकडे पोचतात तेव्हा रिचर्डच्या हातात तिचा हात नसतो. उरतात फक्त तिच्या माळेतले काही मणी. पुलावर सोबत असलेली बाई पुढे निघते, तिला याचं विशेष काही वाटत नाही. आणि आज आम्हीही तसेच पुढे निघालो.

मला स्ट्रँडवर एका बाईनेच हाक मारली होती. बंद दुकानाच्या दारात निळ्या स्लीपिंग बॅगमध्ये ती कमरेपर्यंत शिरून बसली होती. "कुठे जायचंय तुला?" म्हणाली. मी सांगितलं. तिने कागदी कप माझ्या फाइलवर उपडा केला आणि नाणी मोजायला लागली. दहा-दहाची, वीस-वीसची, दोन-तीन पौंडाची. तेव्हा रोख तिकीट चार पौंडांचं होतं, तिला ते माहीत होतं, मला नव्हतं. बोटं थंडीने फुटलेली, नखांभोवती काळं. मोजून झाल्यावर तिने वर एक वीस पेन्सचं नाणं ठेवलं. "असू दे."

मी थँक्यू म्हणाले आणि धावत चेरिंग क्रॉस स्टेशनच्या जिन्याने खाली उतरले. नाव विचारलं नाही. शनिवारी पैसे, थर्मासमध्ये चहा आणि पराठे घेऊन गेले तेव्हा त्या दारात कुणी नव्हतं. पुढचे दोन शनिवारही गेले. मग थंडी वाढली, कामं वाढली आणि मी जायची थांबले. हे लिहिताना हात थांबतोय, पण खरं ते खरं. मी थांबले.

पुस्तक माझ्या हातात पडलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. त्यात मठवाशांच्या परीक्षेत रिचर्डला ट्यूबच्या फलाटावर उभं करतात. ओळखीची माणसं येऊन सांगतात, तू वेडा झालायस, खालचं शहर वगैरे काही नव्हतं, तू रस्त्यावर भटकणारा एक भिकारी आहेस, गाडीखाली जा आणि संपव. आणि तो जवळजवळ जातोच. तेवढ्यात खिशात हाताला काहीतरी लागतं. ॲनेस्थेशियाचा मणी. ती होती, म्हणजे ते सगळं होतं. देवदूत नाही, तलवार नाही, एका विसरलेल्या पोरीचा मणी त्याला वाचवतो. ते पान वाचताना मी बेकरलू लाइनच्या गाडीत होते आणि माझं स्टेशन निघून गेलं.

ते वीस पेन्सचं नाणं माझ्याकडे अजून आहे. देवघरात कुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवलंय. लेक लहानपणी विचारायची, हा कुठला देव, आई?

ताई, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका. तुमचा कळवळा खरा आहे, उलट आमच्यात तो तुम्हालाच सगळ्यात जास्त आहे, म्हणून तर मला इतकं लागलं. दादा, तुम्हीही. मुलांचं असेल तर असू दे, मुलांना तरी ती मुलगी लक्षात राहील.

पुढची बैठक माझ्याकडे आहे. ठरलेलं पुस्तक पाऊण तास उशिरा सुरू होईल. आधी मी नाइट्स ब्रिजचा भाग मोठ्याने वाचणार आहे, आणि ते होईपर्यंत कुणी चहाला उठायचं नाही.