पीआरपीच्या नळीतलं 'केमिकल': त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसातला आमच्या लॅबमध्ये अशोक चौकाकडचे एक काका आले. तीस वर्षं यंत्रमागापुढे उभं राहून काम केलेला माणूस, दोन्ही गुडघे झिजलेले. हृदयाची झडप बदललेली आहे, म्हणून दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करायला येतात. मी दंडाला पट्टा बांधत होते, तेवढ्यात त्यांनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे वाचा की जरा. पुढच्या आठवड्यात गुडघ्यात पीआरपी करायचंय. तयारी म्हणून रक्त पातळ करायची गोळी चार दिवस झाले बंद केलीय."

पट्टा सोडून मी आधी तो मेसेज वाचला. पीआरपी म्हणजे पेशंटचंच रक्त नळीत घेऊन, मशीनमध्ये वेगानं फिरवून, त्यातला प्लेटलेटनं भरलेला भाग दुखऱ्या जागी टोचणं. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या छोट्या पेशी. सोलापुरातल्या गुडघेदुखीच्या आणि केस गळतीच्या पेशंटांमध्ये तो बराच फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पीआरपी करताना रक्तात विषारी केमिकल मिसळतात. त्यानं प्लेटलेट मरतात आणि गोठण्याची ताकद कायमची जाते. म्हणून कोऱ्या नळीत 'शुद्ध' पीआरपी करून मागा, नाहीतर सीबीसीची (रक्तपेशी मोजायच्या तपासणीची) जांभळी नळी वापरायला सांगा, तिच्यात प्लेटलेट सगळ्यात जास्त राहतात. असं शुद्ध पीआरपी केलं की गुडघा शंभर टक्के बरा होतो. आणि आठ दिवस आधीपासून रक्त पातळ करणारी गोळी बंद ठेवा.

रोज ज्या नळ्या मी हाताळते त्यांच्याबद्दल हे लिहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'विषारी केमिकल' म्हणजे बहुतेक ठिकाणी सायट्रेट. लिंबात जे सायट्रिक आम्ल असतं, त्याचाच हा क्षार. आपल्या पेशी अन्नातून ऊर्जा काढतात त्या वाटेवर त्या स्वतःच सायट्रेट तयार करतात आणि वापरून टाकतात. १९१४ मध्ये बेल्जियममध्ये अल्बेर ह्युस्टिन आणि अर्जेंटिनात लुईस अगोते यांनी सायट्रेट घातलेलं रक्त माणसाला दिलं. त्याआधी दात्याला आणि रुग्णाला शेजारी झोपवून रक्त द्यावं लागायचं, कारण बाटलीत ते टिकायचंच नाही. गणपतीत आपल्या मंडळांची रक्तदान शिबिरं होतात, तिथली पिशवी नीट बघा. रक्त पडायच्या आधीच तिच्यात पाण्यासारखं काहीतरी असतं. ३५० मिलीच्या पिशवीत असं ४९ मिली सायट्रेटचं द्रावण असतं, आणि ती पिशवी बाळंतपणात किंवा अपघातात रुग्णाला चढवतात. पीआरपीच्या एका नळीत साधारण साडेआठ मिली रक्ताला दीड मिली द्रावण असतं. सायट्रेट अगदीच निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मशीनवर प्लेटलेट दान करताना ते बराच वेळ दात्याच्या अंगात परत जात राहतं, तेव्हा ओठांना मुंग्या येऊ शकतात आणि कधी कॅल्शियम द्यावं लागतं. पण तिथलं प्रमाण आणि गुडघ्यात जाणाऱ्या काही मिलीतलं प्रमाण यांची तुलनाच होत नाही.

'प्लेटलेट मरतात, गोठण्याची ताकद कायमची जाते' या मुद्द्यावर मला जास्त थांबायचंय, कारण बाकीचा मेसेज याच्यावर उभा आहे.

रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट फक्त ते कॅल्शियम धरून ठेवतं. गोठवणारी प्रथिनं आणि प्लेटलेट जागच्या जागी असतात, त्यांना काम सुरू करता येत नाही एवढंच. कॅल्शियम परत मिळालं की सगळं सुरू होतं. याचा पुरावा काकांच्या स्वतःच्या तपासणीत दर महिन्याला मिळतो. आयएनआरसाठी आम्ही निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतो. तिच्यात सायट्रेटच असतं, एका भागाला नऊ भाग रक्त. नळी फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ पिवळसर भाग, वेगळा करायचा, ३७ अंशाला तापवायचा, त्यात गोठणं सुरू करून देणारं थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालायचं आणि सेकंद मोजायचे. निरोगी माणसाचा प्लाझ्मा बारा-तेरा सेकंदांत गोठतो. सायट्रेटनं ताकद कायमची गेली असती तर ही तपासणी कधीच झाली नसती.

पीआरपीतही हेच होतं. प्लेटलेटच्या आत छोट्या छोट्या पिशव्या असतात, आणि जखम भरायला मदत करणारे वाढीचे घटक त्यांत भरलेले असतात. प्लेटलेट चेतवली की पिशव्या रिकाम्या व्हायला लागतात आणि पहिल्या दहा मिनिटांतच बराचसा साठा बाहेर पडतो. म्हणजे ती नळीत जागी झाली तर माल नळीतच सांडणार. गुडघ्यात टोचेपर्यंत तिला झोपवून ठेवणं हेच सायट्रेटचं काम आहे. आत गेल्यावर तिथलं कॅल्शियम आणि कोलॅजन तिला उठवतं. काही डॉक्टर टोचण्याआधी थोडं कॅल्शियम क्लोराइड घालतात, तेही यासाठीच.

आता 'कोऱ्या नळीतलं शुद्ध पीआरपी'. काहीही न घातलेल्या काचेच्या नळीत रक्त पाच-दहा मिनिटांत गोठतं. प्लेटलेट त्या गुठळीत अडकतात आणि वर उरतं ते सीरम, ज्यात प्लेटलेट जवळजवळ नसतात. शुगर, थायरॉइड तपासायला आम्ही तेच वापरतो. शुद्धतेच्या नावाखाली पेशंट पैसे मोजून प्लेटलेट नळीत सोडून येणार. काही न घालता करायची एक पद्धत खरंच आहे, पीआरएफ. २००१ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ शुक्रून यांनी ती मांडली. तिच्यात रक्त काढल्याबरोबर नळी फिरवतात आणि गुठळी मुद्दाम होऊ देतात. दात काढलेल्या खड्ड्यात ती जेलीसारखी गुठळी ठेवता येते. ती वेगळी वस्तू आहे, वेगळ्या कामाची. पीआरपी करताना सायट्रेट गाळलं म्हणून कुणाला पीआरएफ मिळत नाही.

जांभळ्या नळीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला तो जास्त घातक वाटतो. जांभळ्या झाकणाखाली ईडीटीए असतं. तेही कॅल्शियमच धरतं, पण फार घट्ट. त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत आणि मोजायला सोप्या जातात. काही प्रयोगांत ईडीटीएच्या पीआरपीमध्ये प्लेटलेटची संख्या सायट्रेटपेक्षा जास्त भरली, हेही खरं. पण मोजायला चांगलं ते टोचायलाही चांगलं, असं त्यातून निघत नाही. शांत प्लेटलेट चपटी, ताटलीसारखी असते. ईडीटीएमध्ये ती फुगून गोल होत जाते. सीबीसीच्या रिपोर्टवर एमपीव्ही म्हणून एक आकडा असतो, प्लेटलेटचा सरासरी आकार. जांभळी नळी तासन्‌तास पडून राहिली की तो वाढतो. म्हणून सीबीसी वेळेत लावा, असं आम्ही नव्या मुलींना बजावतो. जी पेशी आकार बदलून बसली आहे तिच्याकडून वेळेवर, योग्य जागी काम होईल हे कोणत्या भरवशावर म्हणायचं? शिवाय आमच्या लॅबमधली जांभळी नळी तपासणीसाठी बनवलेली आहे. तिच्यातलं रक्त परत शरीरात टोचायचंच नसतं. कुणी डॉक्टर सीबीसीच्या नळीतून पीआरपी काढताना दिसले तर पेशंटनं तिथेच विचारावं, भिडेखातर गप्प बसू नये.

पीआरपीसाठी जास्त करून एसीडी-ए वापरतात. त्यात सायट्रेटबरोबर सायट्रिक आम्ल आणि डेक्स्ट्रोज असतं. किंचित आम्लतेमुळे प्लेटलेट शांत राहतात आणि साखर त्यांना खायला मिळते. टोचताना थोडी जळजळ होऊ शकते ती या आम्लतेमुळे. साधं सोडियम सायट्रेटही चालतं. हेपरिन मात्र कॅल्शियमला हात लावत नाही, त्याची वाट वेगळी आहे, आणि त्यात प्लेटलेट चेतवल्या जाऊन गठ्ठे होऊ शकतात, म्हणून पीआरपीला ते टाळतात. नळीत काय घातलंय यानं फरक पडतो, हे त्या मेसेजमधलं मूळ भान बरोबरच आहे. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर एवढं विचारा: नळीत कोणतं द्रावण आहे, आणि शेवटी प्लेटलेट किती पट होतात? आपल्या रक्तात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. पीआरपीसाठी दहा लाखांच्या आसपासचा आकडा अनेक वर्षं सांगितला जातो.

'शंभर टक्के' या शब्दाला एकच उत्तर पुरे. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांच्या गुडघ्यांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२१ मध्ये आले. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी. वर्षभरानं दुखण्यात आणि कूर्चेत दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. दुसऱ्या काही चाचण्यांत फायदा दिसलाय. असं असताना खात्री देणारा माणूस डॉक्टर असो की ग्रुपचा ॲडमिन, त्याच्याकडे तिला आधार नाही.

राहिली गोळी. या एका ओळीनं मी त्या सकाळी घाबरले.

नळीतलं सायट्रेट आणि पोटातली गोळी, दोन्हींना 'रक्त पातळ करणारं' म्हणतात आणि तिथूनच घोळ होतो. काका घेतात ती ॲसिट्रॉम, किंवा वॉरफरिन, यकृतात तयार होणारी गोठवणारी प्रथिनं कमी करते. प्लेटलेटला ती हात लावत नाही. ती बंद केल्यानं पीआरपी रतीभरही सुधारत नाही. धातूच्या झडपेवर गुठळी मात्र होऊ शकते आणि तिथून ती मेंदूत जाऊ शकते. या गोळ्या चालू असताना सांध्यात सुई घालावी का, रक्तस्राव होईल का, हा प्रश्न खरा आहे. तो हृदयाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून सोडवायचा असतो.

ॲस्पिरिनची गोष्ट निराळी. ती प्लेटलेटवरच काम करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे एकदा बंद पडलेलं एन्झाइम ती नव्यानं करू शकत नाही, आणि असर तिच्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यभर राहतो. 'आठ दिवस' बहुधा इथूनच आलेत. नुसती दुखण्यासाठी घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी डॉक्टर आधी काही दिवस थांबवायला सांगतात, त्यात गैर नाही. पण स्टेंट बसवलेल्या माणसानं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मनानं बंद करणं म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका ओढवून घेणं.

काकांचं रक्त घेतलं आणि त्यांना बसवून ठेवून मशीन लावलं. त्यांच्या डॉक्टरांनी आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय. तो १.३ आला, म्हणजे झडपेच्या मानानं रक्त फार लवकर गोठत होतं. मी लगेच त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन जोडून दिला. गोळी कशी सुरू करायची ते त्यांनी काकांना सांगितलं, दोन दिवसांनी परत तपासणी लिहून दिली आणि पीआरपीची तारीख पुढे गेली.

निघताना काकांना विचारलं, मेसेज पाठवला कुणी?

"आमच्या साडूनं की. त्यालाबी गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय."

मी तिथल्या तिथे साडूंचा नंबर मागून घेतला.