रिफंडवाल्यांनो, आईचा पिच्छा सोडा

आठवड्यातला हा चौथा फोन. "मॅडम, आपका रिफंड अटका हुआ है." अरे कसला रिफंड, आम्ही काही मागवलंच नाहीये! आज तर मी ऑफिसात असताना आईलाच गाठलं, ती बिचारी बडोद्याला दांडिया बाजारच्या घरात एकटी, चष्मा पुसत पुसत त्यांनी सांगितलेलं स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकत बसलेली, नशीब शेजारच्या काकू आल्या आणि फोन हिसकावून बंद केला. अजून हात थरथरतायत तिचे. पैसे मिळायला यूपीआय पिन टाकावाच लागत नाही हे शंभरदा सांगितलंय, पण समोरचा नाव-पत्ता घडाघडा बोलतो मग माणूस फसणारच ना! ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून चालू. नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, फसवे कॉल कळवायच्या 'चक्षू'वर टाकलाय, पैसे गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावत बसलो असतो. सत्तरीच्या बाईला रडवताना जीभ कशी झडत नाही रे तुमची?