बेसबॉलची कंडी कशी पिकवावी

अमेरिकेत बेसबॉलवर लिहायचं ठरवलंत ना? मग आधी स्कोअरबुक आणि पेन्सिल माळ्यावर टाका. खरा हंगाम डिसेंबरात असतो. मैदानं ओस, खेळाडू घरी आणि त्यांचे करार ठरवणाऱ्या एजंटांचे फोन तापलेले.

सूत्र म्हणजे काय, ते समजून घ्या. एजंटाला खेळाडूचा भाव चढवायचा असतो. तो हळूच सांगतो, "आणखी एक संघ शर्यतीत आहे." कोणता, असं चुकूनही विचारू नका, पुन्हा फोन येणार नाही. 'सूत्रांच्या माहितीनुसार' लिहा नि मोकळे व्हा. मग दुसरा तुमचा हवाला देईल, तिसरा दोघांचा. एका फोनची तासाभरात तीन सूत्रं होतात.

नाव तपासत बसू नका. डिसेंबर २०२२ मध्ये फटकेबाज ॲरन जज जायंट्स संघाकडे चालल्याची बातमी एका नामवंत बातमीदाराने ट्विटरवर फोडली. घाईत 'ॲरन'चं 'आर्सन' झालं, म्हणजे इंग्रजीत जाळपोळ! काही मिनिटांत बातमी मागे घेतली आणि जज आपल्या यांकीज संघाकडेच राहिला, ९ वर्षं, ३६ कोटी डॉलर. बातमी मेली, आर्सन जज मात्र अजून ठणठणीत आहे.

सूत्रच सापडेना? आकाशाकडे बघा. ८ डिसेंबर २०२३ ला कॅलिफोर्नियाहून टोरांटोला एक खासगी विमान निघालं. जपानी खेळाडू शोहेई ओहतानी तिथल्या ब्लू जेज संघाशी करार करायला त्यातूनच चाललाय, असा बोभाटा झाला. विमानाचं ते चिमुकलं चिन्ह नकाशावर पुढे सरकताना लोक डोळ्यांत तेल घालून पाहत होते. विमान उतरलं आणि आतून निघाले 'शार्क टँक'वाले उद्योगपती रॉबर्ट हर्जाव्हेक. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतःच इन्स्टाग्रामवर सांगितलं: डॉजर्स संघ, १० वर्षं, ७० कोटी डॉलर. विमानात कोण बसलंय हे विमानतळावर विचारता आलं असतं म्हणता? विचारलं असतं तर बातमीच उरली नसती.

बातमीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, याचाही फार विचार नको. २९ जुलै २०१५ ला मेट्स संघाच्या विल्मर फ्लोरेसचा ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) झाल्याची बातमी सामना चालू असतानाच पसरली. प्रेक्षकांनी ती फोनवर वाचली, उभं राहून त्याला टाळ्या दिल्या, आणि तो शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे) डोळे पुसत खेळत राहिला. ट्रेड झालाच नाही. दोनच दिवसांनी १२ व्या इनिंगमध्ये त्याच फ्लोरेसने होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारून मेट्सना सामना जिंकून दिला. त्यावरही तुम्हाला बातमी मिळालीच की.

एप्रिलमध्ये, सामने नुकतेच सुरू झालेले असताना, त्रैराशिक वापरा. हंगाम १६२ सामन्यांचा. पहिल्या १० सामन्यांत ५ होम रन म्हणजे वर्षाचे ८१, विक्रम मोडणार! २००६ मध्ये टायगर्स संघाच्या क्रिस शेल्टनने एप्रिलमध्ये १० मारले. हंगामअखेर त्याच्या नावावर होते १६, आणि मधल्या काळात त्याची रवानगी खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये झाली होती. पण ऑगस्टमध्ये तुमचा एप्रिलचा लेख कोण काढून बघतंय?

'इतिहासातला सर्वांत जोरदार फटका' हे शब्द हाताशी ठेवा. चेंडूचा वेग सगळ्या मैदानांवर मोजणारी स्टॅटकास्ट यंत्रणा आली २०१५ ला. त्याआधी रूथ, मँटल हे जुने फटकेबाज काय वेगाने मारायचे, ते कुणी मोजलंच नाही. ही तळटीप छापायची नाही. जागा वाया जाते.

आणि कधी मन खाल्लंच, तर न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला एक चक्कर मारा. ॲबनर डबलडेने १८३९ मध्ये तिथे बेसबॉलचा शोध लावला, असं एका आयोगाने १९०७ मध्ये ठरवलं. पुरावा काय, तर ॲबनर ग्रेव्हज नावाच्या म्हाताऱ्याची पत्रं. १८३९ मध्ये हे ग्रेव्हज ५ वर्षांचे होते आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. त्या एका सूत्राच्या जोरावर १९३९ मध्ये तिथे हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या संग्रहालयाचं, उद्घाटन झालं. तिकीट काढून बघता येतं.