मुंग्या येणं म्हणजे हात मुरणं नव्हे

"आजोबांनी साध्या लाकडी दांड्याच्या हातोडीवर आयुष्य काढलं, त्यांचे हात कधी दुखले नाहीत. अर्गोनॉमिक, म्हणजे हाताला सोयीची म्हणून विकली जाणारी, हत्यारं हे कंपन्यांचं फॅड. मुंग्या आल्या तर समजा हात मुरतोय. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळा, जाड हातमोजे घाला, कामाला लागा."

हा मेसेज माझ्या मेव्हण्यापर्यंत पोचला, म्हणून लिहायला बसलोय. तो कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांवरचा जादा धातू घासून काढायला आहे, दिवसभर हातात ग्राइंडर. थंडीत सकाळी गाडीवरून जाताना त्याची दोन बोटं पांढरीफटक पडतात. वर मलाच सांगतो, "दाजी, हात मुरतोय, वाचा की!"

हात म्हणजे काय कैरीची फोड आहे मुरायला? ग्राइंडर नाहीतर दाबाच्या हवेवर चालणारी, धातू छिलायची चिपिंग हातोडी वर्षानुवर्षं चालवली की त्या कंपनानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. आधी मुंग्या, मग गारठ्यात बोटं पांढरी, पुढं शर्टाचं बटणही लागत नाही. सुरुवातीला कंपन थांबवलं तर सुधारणा होऊ शकते. पुढं गेलेलं बधिरपण बहुधा कायमचं राहतं. आणि हे आजचं खूळ नाही. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियानात हवेच्या हातोडीनं चुनखडी घडवणारे कामगार तपासले, तेव्हा त्यांची बोटं थंडीत अशीच पांढरी पडत होती. आजोबांची हातोडी हातानं चालायची. तिची ग्राइंडरशी तुलना करणाऱ्यानं फेटलिंगचा शेड आतून पाहिलेला नसावा.

युरोपात यावर २००२ पासून नियम आहे: आठ तासांच्या हिशेबानं कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्गावर (हे कंपनाचा जोर मोजायचं माप) गेलं की मालकानं ते कमी करायला लागायचं, ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. म्हणजे १० च्या कंपनाचं हत्यार अर्ध्या तासातच पहिली रेघ गाठतं आणि दोन तासांत दुसरी. आपल्याकडं शिफ्ट किती तासांची, ते तुम्हीच बघा. एका बाजूनं झिजलेलं व्हील तसंच चालवलं की कंपन आणखी वाढतं. ते बदलायचं, माणसं आलटून पालटून लावायची आणि डॉक्टरकडं गेल्यावर 'मी ग्राइंडर चालवतो' हे आपण होऊन सांगायचं.

हातमोजे घाला, हात उबदार राहतात. कंपन अडवायला मात्र त्यांच्यावर विसंबता येत नाही.

ट्यूबचं म्हणणं, नाइलाजानं का होईना, अर्धं मान्य. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेच्या २००४ च्या पुस्तिकेत जोर लावायच्या हत्याराची मूठ सव्वा ते दोन इंच जाडीची असावी असं दिलंय, आणि बारीक मुठीवर आवरण चढवून ती जाड करायलाही सांगितलंय. पण हे साध्या हातहत्यारांसाठी. ग्राइंडरचं कंपन ट्यूबनं थांबत नाही.

फॅडचं म्हणाल तर तेही थोडं खरं. डब्यावर 'अर्गोनॉमिक' छापलं की किंमत वाढते, आणि बोटांच्या खाचा पाडलेली मूठ तर नायोशच टाळायला सांगते, कारण सगळ्यांची बोटं त्या खाचांत बसत नाहीत. कोल्हापुरात सुभाषनगरातला चप्पल कारागीर आपल्या रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, हाताला बसेल असं कापड गुंडाळून घेतो, ते अशा मुठीपेक्षा केव्हाही बरं.